चांगदेवांच्या गोष्टीपासून मेटफॉर्मिनपर्यंत : दीर्घायुष्याच्या शोधाची पार्श्वभूमी

लातूरला नीटची तयारी करणारा माझा भाचा सध्या एकाच प्रश्नाने झपाटला आहे. म्हातारपण थोपवता येईल का? "मामा, मोडलेलं हाड आपण जोडतो, मग झिजलेल्या पेशी का दुरुस्त करू नयेत?" घरात बाकी कुणी हे मनावर घेत नाही. मी घेतो, कारण या प्रश्नामागे जवळपास नव्वद वर्षांचं प्रयोगशाळेतलं काम आहे.

ओढ तर त्याहून कितीतरी जुनी. गोदाकाठी पैठणजवळचं आपेगाव हे ज्ञानेश्वरांचं मूळ गाव. त्यांना भेटायला वाघावर बसून निघालेले चांगदेव योगबळाने चौदाशे वर्षं जगले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांचं कोरं पत्र पाहून मुक्ताई म्हणाली, एवढं जगूनही हा कोराच राहिला. आयुष्य वाढवायची भाषा करणाऱ्या पोरांना मोठी माणसं हेच ऐकवतात. पण आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक रसायन आहे आणि चरकसंहितेचं चिकित्सास्थान रसायनापासूनच सुरू होतं, हेही सांगायला हवं. दीर्घायुष्याची इच्छा आपल्याकडे कधीच वावगी मानली गेली नाही.

प्रयोगाने पडताळणं मात्र अलीकडचं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी दाखवलं की पोषण पुरेसं ठेवून उष्मांक कमी केले तर उंदीर जास्त जगतात. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांना आढळलं की प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची साधी पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि थांबते. गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमिअर नावाचे भाग दर विभाजनाला आखूड होतात, हे त्यामागचं मोठं कारण. टेलोमिअरवरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं.

याच काळात एक फाटाही फुटला. १९६७ मध्ये जेम्स बेडफोर्ड या प्राध्यापकांचा देह मृत्यूनंतर गोठवून ठेवला गेला, पुढे कधीतरी विज्ञान जिवंत करील या आशेवर. असे देह आजही जपलेले आहेत, पण एकालाही परत आणता आलेलं नाही. माझ्या मते ही श्रद्धा आहे, विज्ञान नव्हे.

खरं वळण १९९३ चं. सिंथिया केन्यन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत एका जनुकातला बदल दाखवला. दोन-तीन आठवडे जगणारा तो जीव दुप्पट जगला, आणि तोही अंथरुणाला खिळून नव्हे, तर हिंडता-फिरता. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आपल्याकडची हजारो माणसं झोपेतच गेली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक लख्ख दिसतो. म्हातारपण लांबवणं वेगळं आणि अमर होणं वेगळं. पेशी कायम तरुण राहिल्या, तरी दगडमातीचं घर कोसळायचं ते कोसळतंच. म्हणून 'शारीरिक अमरत्व' हा शब्द मला पटत नाही. आयुष्य वाढवण्याचं संशोधन मात्र मनापासून पटतं.

पुढे २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशी पुन्हा मूळपेशीच्या, म्हणजे जिच्यातून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते अशा अवस्थेत नेल्या. २००९ मध्ये रापामायसिन हे अवयव प्रत्यारोपणानंतर वापरलं जाणारं औषध दिलेले उंदीर जास्त जगले, आणि औषध सुरू केलं तेव्हा ते म्हातारे झालेले होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही आता वार्धक्यावरचा स्वतंत्र उपक्रम हाती घेतला आहे.

माणसांबाबत सगळ्यांचं लक्ष आहे ते मेटफॉर्मिनवर. आईच्या उशाशी मधुमेहाच्या गोळ्यांची जी स्ट्रिप असते, तीच ही गोळी. मधुमेह नसलेल्या ६५ ते ७९ वयाच्या सुमारे ३,००० लोकांना ती देऊन वयाबरोबर येणारे आजार लांबतात का, हे तपासायची योजना अमेरिकेत नीर बार्झिलाई यांनी आखली. पण पेटंट केव्हाच संपलेल्या स्वस्त गोळीवर एवढा खर्च करायला औषध कंपन्यांना रस नाही, आणि ती चाचणी वर्षानुवर्षं निधीसाठी अडून राहिली.