आतड्याच्या कॅन्सरवर कार-टी कुठे अडली?

नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला उपचारांसाठी खेपा घालणारे नातेवाईक हल्ली डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘ती कार-टी आमच्या पेशंटला चालेल का?’ कार-टी म्हणजे रुग्णाच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी बाहेर काढून, कॅन्सर ओळखण्याजोग्या बनवून परत देणं. विचारणारच. ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झालेली देशी कार-टी मुंबईतच घडली. पण ती बी पेशींच्या, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या, कॅन्सरसाठी आहे. मोठ्या आतड्याच्या गाठीपुढे हे तंत्र अजून चाचण्यांतच आहे.

टी पेशीला बाहेरून नवा रिसेप्टर (लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन) बसवण्याची कल्पना 1989 ची. रक्ताच्या कॅन्सरवर पहिली मंजुरी 2017 ची. आतड्याची कहाणी मात्र फिरते ती 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका केसभोवती.

यकृत आणि फुप्फुसांत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला अमेरिकेत हर-टू हे गाठीवरचं प्रथिन ओळखणाऱ्या कार-टी पेशी दिल्या. एकदम 1000 कोटी. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांनी रुग्ण गेला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवरही हर-टू किंचित असतं, तिथेच या पेशी तुटून पडल्या असाव्यात. निवड अविचाराची नव्हती: ज्या अँटीबॉडीवरून हा रिसेप्टर बेतला, तिचंच औषध स्तनाच्या कॅन्सरमध्ये वर्षानुवर्षं दिलं जात होतं. पण औषध हळूहळू उतरतं, पेशी वाढत जाते. माझ्या मते घोडं लक्ष्यापेक्षा डोसावर अडलं. 2015 मध्ये सारकोमाच्या (हाडं, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरच्या) रुग्णांना हर-टूच्याच पेशी अगदी थोड्यापासून वाढवत दिल्या, तेव्हा फुप्फुसं शाबूत राहिली. (रिसेप्टर वेगळा होता, हेही खरं.)

2011 मध्ये सीईए हे आतड्याच्या गाठींवरचं दुसरं प्रथिन हेरणाऱ्या टी पेशी तिघांना दिल्या. एकाची गाठ आकसली, पण आतड्याला तीव्र सूज तिघांनाही आली. म्हणून आता जीसीसी या प्रथिनावर भर आहे. निरोगी आतड्यात ते आतल्या, पोकळीकडच्या बाजूला असतं, त्यामुळे रक्तातल्या पेशींना सहजी सापडत नाही. चीनमधल्या सुरुवातीच्या चाचण्यांत काहींच्या गाठी लहान झाल्या. जुलाबांचा त्रास मात्र आहेच.

गोंधळ वाढवला तो 2022 च्या ‘बाराच्या बारा रुग्ण बरे’ या बातमीने. नाशिकच्या कॅनडा कॉर्नर भागातल्या दवाखान्यांत लोक आजही ती मोबाईलवर उघडून दाखवतात. ती गुदाशयाच्या कॅन्सरची, आणि औषध अँटीबॉडीचं, सलाईनमधून दिलेलं. पेशींचा त्यात संबंध नव्हता. शिवाय त्या सगळ्यांच्या गाठींत एमएमआरचा, म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेचा, दोष होता. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर ही तपासणी इथेही होते.