लम्पीची नोंद कशी करायची, भरपाईला काय लागतं

लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग. त्यात जनावर मेल्यावर धावपळ सुरू होते, पण भरपाईच्या कागदांचं बरंचसं काम ते जिवंत असतानाच व्हायला हवं. म्हणून सुरुवात लक्षणांपासून.

आधी ताप येतो, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, जनावर चारा सोडतं, दूध उतरतं. मग अंगभर 2 ते 5 सेंटिमीटरच्या घट्ट गाठी उठतात. मान, पाठ, कास, कुठेही. काहींच्या पायांवर आणि गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर सूज चढते. हा विषाणू मुख्यतः माशा, डास आणि गोचीड पसरवतात. माणसाला हा रोग होत नाही, त्यामुळे घाबरून दूध ओतून देऊ नका. नेहमीसारखं उकळून वापरा.

गाठ दिसली की जनावर वेगळं बांधा आणि त्याच दिवशी कळवा. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार हे मालकाचं कर्तव्य आहे. ग्रामपंचायतीत सांगा, नाहीतर थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात; 1962 हा टोल फ्री क्रमांकही आहे. शेजारी काय म्हणतील, बाजार बंद होईल, या भीतीने लोक गप्प बसतात आणि तोवर आळीतल्या आणखी दोन गोठ्यांत गाठी उठलेल्या असतात. परिसर नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तर गुरांची ने-आण आणि बाजार थांबतो. लस मोफत मिळते, पण ती निरोगी जनावरालाच. गाठी आलेल्या जनावराला लस द्या म्हणून डॉक्टरांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता भरपाई. 2022 च्या साथीत राज्य सरकारने लम्पीने दगावलेल्या दुभत्या गायीला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये दिले होते. ती मदत त्या साथीसाठी होती. तुमच्या वेळी कोणता शासन निर्णय लागू आहे, हे दवाखान्यात आधी विचारून घ्या.

कानातला बारा अंकी बिल्ला सर्वांत महत्त्वाचा. जनावर तुमचंच होतं, हे त्यावरूनच सिद्ध होतं. बिल्ला पडला असेल तर आजच नवा मारून घ्या आणि नोंद आपल्या नावावर आहे ना, तेही बघा. विकत घेतलेल्या गायीची नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहिलेली असते, आणि अडतं ते नेमकं तिथेच.

जनावर दगावलं तर पुरण्याची घाई नको. आधी दवाखान्याला कळवा. पशुवैद्यकीय अधिकारी येऊन पाहतील, पंचनामा होईल. बिल्ला स्पष्ट दिसेल असा एक फोटो काढा आणि एक पूर्ण जनावराचा. त्यानंतर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका.

अर्जाबरोबर पंचनामा, हे फोटो, आधार कार्ड आणि बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. उपचार झाले असतील तर त्यांचे कागदही जोडा. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळतं का, ते पाहा. अर्ज दिल्यावर पोच घ्या, तीही तारीख-शिक्क्यासह. तोंडी "देऊन टाकला" याला नंतर कोणी विचारत नाही.