जुन्या जिनातला खाद्यबाजार : पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, आता खाद्यबाजार भरतो. झुणका-भाकर, सांभारवडी, रोडगे खायला बाहेरून आलेली माणसं हटकून विचारतात, कापूस पिकेनासा झाला म्हणून का हे बंद पडलं? कापूस तर आजही शिवारात उभा आहे. जिन रिकामं झालं ते वेगळ्याच कारणांनी, आणि ती कारणं बरीच अलीकडची आहेत.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला मागणी चढली. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा निघाला. पुढं ठिकठिकाणी जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. रेच्यांची (सरकी काढणाऱ्या यंत्रांची) लांब शेड, गठाणी दाबायचं उंच प्रेसघर, बंड्या (बैलगाड्या) सोडायला ऐसपैस आवार, आगीच्या धास्तीनं विहीर आणि हौद. खाद्यबाजाराला आज हेच सगळं कामी येतं. तेव्हा मात्र आत बिडी-काडी न्यायची सोय नव्हती.

खरा वाद आहे तो एकाधिकार खरेदीचा, म्हणजे सगळा कापूस राज्य सरकारच्या योजनेतच विकायचा या पद्धतीचा. 1971 चा कायदा झाला आणि 1972 च्या हंगामापासून व्यापाऱ्याला कास्तकाराकडून कापूस घेणं बंद झालं. जिनवाल्याकडं यंत्रं राहिली, पण आत येणारा कापूस त्याचा राहिला नाही. ठरलेल्या दरात रुई (सरकी काढलेला कापूस) काढायची, गठाणी बांधून द्यायच्या. त्यात नवी यंत्रं घालून हाती जादा काय पडणार? म्हणून ‘एकाधिकारानंच जिनं मारली’ असं अनेक जण म्हणतात. हे म्हणणं अर्धंच खरं आहे. चुकारे (विकलेल्या कापसाचे पैसे) रखडत, ग्रेडवरून भांडणं होत, काटा बंद राहिला की बंड्या रात्रभर रांगेत उभ्या राहत. शेजारच्या राज्यात भाव चढला की आपलाच कापूस सीमेवर अडवला जाई. पण दोन-चार क्विंटल पिकवणाऱ्याला जाहीर झालेला भाव मिळत होता, आणि हंगामभर जिन धडधडत होतं. हे हिशेबातून वगळणं अन्यायाचं आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एकाधिकार योजनेचा तोटा फुगला आणि 2002 मध्ये खासगी खरेदी खुली झाली. त्याआधीच, 2000 मध्ये, कापूस तंत्रज्ञान अभियान आलं होतं. अनुदान घेऊन नवी जिनं उभी राहिली. कापूस आपोआप रेच्यापर्यंत जाऊ लागला. व्यापारी तिकडं वळले. जुन्या मालकांकडं तेवढं भांडवल नव्हतं, आणि गावाच्या मधोमध आलेल्या त्यांच्या जागेला भाव चढला होता. कित्येक जिनांच्या जागेवर लेआउट (विकायचे प्लॉट) पडले.

यात सर्वांत आधी काम गेलं ते रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बायांचं. म्हणून बाजाराचे गाळे वाटताना त्यांच्या घरांना पहिला मान द्यावा, ही मागणी रास्तच होती. ती तत्त्वतः मान्यही झाली, पण जिनात काम केल्याचा कागद मागितला गेला. हंगामी बायांची नावं ठेकेदाराच्या वहीत असत, आणि त्या वह्या कोणी जपून ठेवल्या नाहीत. मग गाळे बहुतेक बचत गटांना गेले. त्यांत या बाया थोड्याच आहेत. पुढच्या वाटपात कागदाची अट काढून जुन्या मुकादमांची आणि सोबतिणींची साक्ष ग्राह्य धरायला हवी.