एमजीबीचा हरवलेला इंच

स्पोर्ट्स कारचे मूळ स्प्रिंग काढून आखूड स्प्रिंग बसवायचे आणि गाडी खाली आणायची, हा बहुतेकांना निव्वळ हौसेचा मामला वाटतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या मालकांसाठी मात्र तो हिरावलेली गोष्ट परत मिळवण्याचा प्रयत्न आहे.

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 साली ही दोन आसनी उघडी गाडी बाहेर पडली. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे चक्क पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. रचना तेव्हाही जुनीच होती. पण गाडी ठेंगणी, हलकी आणि वळणावर भरवशाची. तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिका, आणि दुखणं तिथूनच सुरू झालं. ताशी 5 मैल वेगाची धडक बसली तरी दिवे शाबूत राहिले पाहिजेत, असा नियम तिथे आला; हेडलाइटच्या किमान उंचीचाही आला. तेव्हा ही गाडी बनवणाऱ्या ब्रिटिश लेलँड कंपनीने गाडीचं तोंड नव्याने घडवलं नाही. 1974 च्या सप्टेंबरपासून क्रोमच्या बंपरांच्या जागी काळे, जड रबरी बंपर आले आणि उंचीसाठी सस्पेन्शन सुमारे 1 इंच, म्हणजे 25 मिमी वर उचललं गेलं. भरीस भर म्हणून 1975 च्या मॉडेलमधून खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बारच, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडाच, काढून टाकला. माझ्या मते एमजीबीच्या इतिहासातला हा सर्वात वाईट निर्णय. 1977 च्या मॉडेलमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे बार दिले गेले. उंची मात्र 1980 साली उत्पादन थांबेपर्यंत तशीच राहिली.

25 मिमीने एवढं काय बिघडतं? वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो, आणि गुरुत्वमध्य जितका उंच तितका जास्त सरकतो. तो अर्ध्या मीटरवर धरला तर 25 मिमी म्हणजे सरळ 5 टक्क्यांची वाढ. त्यात दोन्ही टोकांना जड बंपर आणि बार गायब. गाडी कलणारच.

गाडी खाली घेण्याचा सर्वात स्वस्त आणि जुना मार्ग म्हणजे स्प्रिंगचा एक वेढा कापणं. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी महायुद्धानंतर तो इतका चालवला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली आणायला 1958 साली तिथे कायद्याने बंदी आली; ती 2024 मध्ये उठली. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसत नाही. सहा वेढ्यांचे पाच झाले की ताठरपणा 20 टक्क्यांनी वाढतो, तोही कुणी न ठरवता. गॅसने तापवून स्प्रिंग दबवणं त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं आणि ती पुढेही दबत राहते.

गाडी खाली आणण्यासाठी मिळणाऱ्या तयार लोअरिंग स्प्रिंगमध्ये हा ताठरपणा हिशेबाने ठरवलेला असतो. उंची घटली की दणका सोसायला जागा कमी उरते, म्हणून स्प्रिंग अधिक ताठर हवी. तो हिशेब नाजूक असतो: तार 12 मिमीऐवजी 13 मिमी घेतली, तर बाकी सारं तेच ठेवूनही स्प्रिंग सुमारे 38 टक्के ताठर होते. मग तिला आवरायला शॉकॲब्सॉर्बरही तसाच लागतो; एमजीबीचे जुने, तरफेवर चालणारे शॉक झिजलेले असतील तर नवी स्प्रिंग गाडीला नुसती उसळवते.

शिवाय रबरी बंपरच्या एमजीबीत पुढची उंची मुख्यतः बदललेल्या क्रॉसमेंबरमुळे, म्हणजे पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं त्या आडव्या तुळईमुळे, वाढली आहे. आखूड स्प्रिंगने गाडी खाली येते, पण विशबोनचा, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हातांचा, कोन बदलतो. म्हणून काही जाणकार क्रोम बंपरच्या काळातला क्रॉसमेंबरच शोधून बसवतात. काम मोठं आहे, पण मला तेच योग्य वाटतं. मागे चपटे पाटे घालतात, किंवा एक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळे बसवून यू-बोल्ट लांब घेतात.