खटकन बसतं हो, पण परत तिथंच बसतं का?

घरातला जुना पिनवाला बल्ब आठवा, दाबायचा, जरासा फिरवायचा, बसला. बसल्यावर तो होल्डरमधे थोडा लटलटतो पण आपल्याला काय फरक पडतो, बल्बला फक्त पेटायचंय. आता समजा त्या बल्बच्या मधोमध एक भोक आहे आणि त्यातून सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगानं गोळी जाणारे, तर मग ती लटलट चालेल का? रायफलच्या क्विक डिटॅच, म्हणजे पटकन काढता-घालता येणाऱ्या सप्रेसरची (आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याची) सगळी भानगड हीच आहे.

आधी थोडं सप्रेसरबद्दल. बॅरलच्या तोंडावर बसवायचं नळकांडं, आत बॅफल नावाच्या भोकवाल्या चकत्या, गोळीमागून येणारा गरम वायू त्यात अडकत, फिरत, थंड होत हळूहळू बाहेर पडतो. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिमनं १९०९ मधे याचं पेटंट घेतलं, मशीनगनवाल्या मॅक्सिमचाच हा मुलगा. बाप आवाज वाढवणारा आणि मुलगा कमी करणारा, असो. सिनेमात दाखवतात तसा 'फुस्स' आवाज मात्र येत नाही. ५.५६ मिलिमीटर गोळीची रायफल साधारण १६५ डेसिबलला वाजते, सप्रेसर लावून ती १३५ च्या आसपास येते, आणि गोळी आवाजापेक्षा वेगानं जात असल्यामुळे तिचा स्वतःचा कडाका राहतोच. आपल्याकडे असली अ‍ॅक्सेसरी नियमांप्रमाणे प्रतिबंधित गटात मोडते, त्यामुळे हा सगळा बाजार मुख्यतः अमेरिकेतला. तिथं १९३४ च्या कायद्यानं प्रत्येक सप्रेसरवर २०० डॉलर टॅक्स होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र आहेच. इतकी वर्षं एका नळकांड्यामागे एवढी कटकट म्हटल्यावर लोक एकच घ्यायचे आणि चार रायफलींवर फिरवायचे, म्हणून पटकन काढता-घालता येणं महत्त्वाचं झालं.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे सरळ आटे. ५.५६ च्या बॅरलवर बहुतेक वेळा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात ०.९ मिलिमीटर पुढे. फिरवत बसा, शेवटी बॅरलच्या खांद्याला टेकलं की झालं. वर्कशॉपमधे काम केलेल्याला माहीत असतं की आटे फक्त ओढून धरतात, वस्तू सरळ ठेवायचं काम त्या खांद्याचं. हा प्रकार हलका, स्वस्त, नेमका. पण तापून सैल होतो, आणि मधेच आवळायला विसरलात तर कॅन (तिकडे सप्रेसरला कॅनच म्हणतात) हळूहळू उलटा फिरत येतो.

सैल झाल्यावर काय होतं त्याचा हिशोब करू. समजा कॅन १६ सेंटिमीटर लांब आहे आणि भोक गोळीपेक्षा १.२ मिलिमीटरनं मोठं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.६ ची मोकळीक. कॅन फक्त पाव अंश तिरका बसला तर पुढचं टोक ०.७ मिलिमीटर सरकतं, मोकळीक संपली, गोळी बॅफलला घासली. पाव अंश म्हणजे डोळ्याला दिसतसुद्धा नाही!

आता क्विकवाले. नाइट्स आर्मामेंट कंपनीच्या एनटी-४ सप्रेसरमधे फाटकाला असते तशी स्प्रिंगची खिटी आहे, फ्लॅश हायडरवर (बॅरलच्या तोंडावरचा, ज्वाळा कमी करणारा तुकडा) कॅन सरकवला की खिटी खाचेत पडते, जोरात काम होतं, पण थोडा खुळखुळतो ही तक्रार जुनीच. मला सगळ्यात मजेशीर वाटते ती एएसी कंपनीची दात्यांची गोष्ट. त्यांच्या सुरुवातीच्या माउंटवर, म्हणजे कॅन ज्यावर बसतो त्या बॅरलवरच्या भागावर, १८ दाते होते, नंतर ५१ झाले, आणि पुढे ९० दात्यांचा निमुळता माउंट आला. का? ३६० भागिले १८ म्हणजे २० अंश. कॅन पूर्ण आवळायला अजून १५ अंश हवेत पण पुढचा दाता २० वर आहे, तर खिटी मागच्याच दात्यावर अडकणार आणि उरलेली फट तशीच राहणार. ५१ ला ती फट जास्तीत जास्त ७ अंश, ९० ला ४ अंश. म्हणजे दाते वाढवून फट बारीक केली, घालवली नाही. आणि ५१ वाला डुगडुगतो हे लोक बोलतच राहिले.

फट घालवायची तर निमुळतेपणा हवा, टेपर. लेथच्या टेलस्टॉकमधे मॉर्स टेपरचा ड्रिल चक हातानं नुसता ठोकून बसवतो ना, तोच सिद्धांत. मॉर्सचा अर्धा कोन दीड अंशाच्या आसपास, घर्षणापुढे तो इतका कमी आहे की पोलाद पोलादाला धरून बसतं, आणि ड्रिल मशीनवर काढायला खाचेत पाचर घालून हातोडी मारावी लागते. सप्रेसरला हे परवडत नाही, तापून कार्बन बसल्यावर तो जन्मात निघणार नाही. म्हणून तिथं टेपर जास्त उतरता ठेवतात, चाकणच्या कुठल्याही व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) बीटी-४० टूल होल्डरसारखा, त्याचा अर्धा कोन ८.३ अंश, स्वतःहून धरत नाही, मागून कोणीतरी ओढून ठेवावं लागतं. व्हीएमसीत ते काम ड्रॉबार नावाचा ओढणारा दांडा करतो, सप्रेसरमधे आटे किंवा रॅचेट, म्हणजे एकाच दिशेला फिरू देणारी दात्यांची खिटी. डेड एअर कंपनीचा कीमो माउंट फिरवताना खटखट वाजतो ते हेच रॅचेट, पक्का आहे, पण वजनदार आणि लांब, आणि बॅरलच्या टोकाला लटकलेला प्रत्येक ग्रॅम नेम खाली ओढतो.

आणि खरा मुद्दा इथंच आहे. कॅन लावला की गोळी थोडी वेगळ्या जागी लागणारच, ती लागू दे, पण रोज त्याच वेगळ्या जागी लागली पाहिजे. दोन इंच खाली, तर रोज दोन इंच खाली, मग दुर्बिणीचा हिशोब लावता येतो. शुअरफायर कंपनीच्या सोकॉम मालिकेत म्हणूनच कॅन एकाच दिशेनं बसतो, खाच जुळली तरच आत जातो, मग मागची रिंग फिरवून आवळायचं. चूक शून्य नाही केली, चूक रोज तीच ठेवली. मला ही अक्कल आवडली.

कार्बनचं मात्र कोणालाच पूर्ण जमलेलं नाही. काजळी सगळ्या फटीत शिरते, थंड झाली की सिमेंट. म्हणून बऱ्याच टेपरवाल्या डिझाइनमधे निमुळता भाग आट्यांच्या पुढे ठेवतात, वायू तिथंच अडतो आणि आटे स्वच्छ राहतात. बरं, अडकलेला कॅन जोर लावून उलटा फिरवला की दुसरीच गंमत, कॅन राहतो जागेवर आणि फ्लॅश हायडरच बॅरलवरून सुटून येतो, कारण दोघांचे आटे एकाच दिशेचे. यावर डेड एअरच्या झेनो माउंटमधे कॅनचे आटे डावे केलेत, सायकलच्या डाव्या पेडलसारखे, कॅन सोडवायला फिरवला की खालचा हायडर उलट आवळतो. लावताना मात्र तो सुटायच्या दिशेला ओढला जातो, म्हणून हायडर रॉकसेट नावाच्या सिरॅमिक गोंदानं चिकटवतात. आटे चिकटवायचा साधा लॉकटाइट गोंद त्या उष्णतेत मऊ पडतो, रॉकसेट टिकतो, आणि काढायचा झाला तर एवढ्या आगीला न घाबरणारा तो गोंद नुसत्या पाण्यात भिजत ठेवला की सुटतो.