मेन लाईन पण गेली आणि बॅकअप पण, असं होतं कसं?

17 डिसेंबर 2017, रविवार, दुपारी एकच्या सुमारास अटलांटा एअरपोर्टची लाईट गेली. प्रवाशांच्या संख्येत जगात एक नंबरचं एअरपोर्ट, त्यात ख्रिसमसची गर्दी, आणि जवळपास 11 तास सगळं ठप्प, हजाराहून जास्त फ्लाईट कॅन्सल, कित्येक लोक तर उतरलेल्या विमानातच तासन्‌तास अडकून बसलेले. एवढ्या मोठ्या ठिकाणी बॅकअप नव्हता का? होता की. पण आग लागली ती जमिनीखालच्या बोगद्यात, विजेच्या स्विचगियरला (वीज चालू-बंद करणारी आणि वाटून देणारी मोठी यंत्रणा), आणि बॅकअपच्या केबलही तिथूनच गेलेल्या, त्यामुळे एकाच आगीत दोन्ही गेलं.

मोठ्या सिस्टिम कशा बंद पडतात या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. बॅकअप किती आहेत हे मोजून काही कळत नाही, ते वाटेत कुठे एकत्र येतात का ते शोधावं लागतं आणि ते शोधायचं गणित म्हणजे नेटवर्क थिअरी. तिचं मूळ ऑयलर या गणितज्ञाच्या 1736 सालच्या पेपरमधे सापडतं, कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांच्या कोड्यावरचा (एकाही पुलावरून दोनदा न जाता सातही पूल ओलांडता येतील का?). त्याने शहराचा आकार, रस्त्यांची लांबी वगैरे सगळं बाजूला ठेवलं आणि काय कशाला जोडलंय तेवढंच बघितलं.

एअरपोर्टचंही तसंच करायचं. सबस्टेशन, रडार, रनवेचे दिवे, चेक-इनचा सर्व्हर, बॅगांचा बेल्ट, प्रत्येकाचा एक ठिपका काढायचा आणि एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत असेल तर मधे रेघ ओढायची.

आता आकडे घालून बघू (आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत). बॅग काउंटरवरून विमानापर्यंत जाताना एकामागून एक 10 यंत्रांतून जाते आणि प्रत्येक यंत्र 99 टक्के वेळ नीट चालतं असं धरा. ऐकायला भारी वाटतं, पण 0.99 ला दहा वेळा गुणलं की पूर्ण साखळी चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपासच येते. साखळीत हे असंच होतं, कडी वाढली की भरवसा कमी.

शेजारी शेजारी दोन वाटा असतील तर उलटं होतं. विजेची एक लाईन 99 टक्के भरवशाची असेल तर वर्षाच्या 8760 तासांत साधारण 88 तास अंधार. तशाच दोन स्वतंत्र लाईन टाकल्या की अंधार फक्त 53 मिनिटांवर येतो! पण आता त्या दोन्ही लाईन एकाच बोगद्यातून न्या आणि तो बोगदा 99.9 टक्के सुरक्षित आहे असं समजा, तर तो अंधार साडेनऊ तासांच्या वर जातो. दुसऱ्या लाईनचा खर्च केला, पण एका बोगद्याने अंधार जवळपास 11 पट करून ठेवला.

कमीत कमी कोणते ठिपके काढून टाकले की सगळी सिस्टिम बंद पडते, त्या गटाला कट सेट म्हणतात. एका ठिपक्याचा कट सेट सापडला तर पहिलं काम तिथेच करायला हवं. शोधणं मात्र सोपं नाहीये, 200 ठिपके असले तर जोड्याच 19,900 होतात आणि तीन-तीनचे गट 13,13,400, म्हणून कॉम्प्युटरवर लाखो वेळा खोटे बिघाड करून बघतात. आणि कॉम्प्युटर तरी बघणार काय, तुम्ही काढलेले ठिपकेच ना, विजेच्या ड्रॉइंगमधे केबल दिसते पण बोगदा सिव्हिलच्या ड्रॉइंगमधे असतो आणि दोन्ही कागद एकत्र ठेवून कोणी बघितलेच नाहीत तर तो ठिपका हिशोबात येतच नाही.

कधी कधी तर तो ठिपका डोळ्यांना दिसणाराही नसतो. 28 ऑगस्ट 2023 ला ब्रिटनच्या एअर ट्रॅफिक कंट्रोलकडे एका विमानाचा फ्लाईट प्लॅन (विमान कुठल्या मार्गाने जाणार त्याचा आराखडा) आला, त्यात डीव्हीएल हा कोड दोनदा होता, एक अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधला हवाई मार्गावरचा पॉइंट आणि दुसरा फ्रान्समधला. सॉफ्टवेअरला याचा मेळ लागेना, म्हणून ते सुरक्षेसाठी स्वतःहून थांबलं. लगेच बॅकअप सिस्टिमने काम हातात घेतलं, तिनेही तोच प्लॅन वाचला आणि तीसुद्धा थांबली, दोन्ही मिळून जेमतेम 20 सेकंदांत. मग फ्लाईट प्लॅन माणसांनी हाताने भरायला घेतले आणि 7 लाखांहून जास्त प्रवाशांचे हाल झाले. मशीन वेगळी होती, पण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच, म्हणजे कागदावर दोन वाटा आणि दोघींच्या मधोमध तोच एक बोगदा.