पार्श्वभूमी: एक संगणक, पाच मालक

डेस्कटॉपवर एकापेक्षा जास्त यूजर हवेत का, या वादात निम्मा गोंधळ ‘यूजर’ या शब्दाचाच आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ‘सीटीएसएस’ ही एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली चालवून दाखवली, १९६९ मध्ये युनिक्स या दुसऱ्या प्रणालीचं काम सुरू झालं. तेव्हा मल्टी-यूजर म्हणजे एका महागड्या यंत्राला एकाच वेळी चिकटलेली अनेक माणसं. १९८१ मध्ये छोट्या संगणकांसाठी आलेल्या डॉस या प्रणालीने तो प्रश्नच मिटवला: समोर बसेल तो मालक.

सांगलीत आम्ही शिकलो ते विंडोज ९८ वर, आणि तिच्या पोटात डॉसच होतं. मार्केट यार्डातल्या हळदीच्या पेढीवर सकाळी दिवाणजी त्यावर शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्या काढायचे, दुपारी शेठचा मुलगा गेम खेळायचा. नाव-पासवर्डची चौकट यायची, पण एस्केप दाबलं की थेट आत. वॉलपेपर ज्याचा त्याचा, कुलूप कुणाचंच नाही. लावणार तरी कशावर? डिस्कवर फाइली मांडण्याच्या तेव्हाच्या फॅट-३२ पद्धतीत फाइल कुणाची हे लिहायला जागाच नव्हती.

खरा घोळ झाला २००१ मध्ये, विंडोज एक्सपीत. १९९३ पासूनच्या एनटी या कचेऱ्यांसाठीच्या विंडोजच्या पायावर ती उभी, त्यामुळे वेगळी खाती, फाइलींवरचे हक्क, सगळं तयार होतं. इन्स्टॉल करताना ती विचारायचीही, हा संगणक कोण कोण वापरणार? पाच नावं भरता यायची. कुणाला बदकाचं चित्र, कुणाला गिटारचं. आणि पाचही जण सगळे हक्क असलेले, म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, तेही बिनपासवर्डचे!

विंडोज बनवणाऱ्यांचा बचाव असा की, जुने प्रोग्रॅम स्वतःच्याच फोल्डरमध्ये डेटा लिहितात, मर्यादित खात्यावर ते चालणार नाहीत. हे खोटं नव्हतं. दिवाणजींना मी हौसेने मर्यादित खातं करून दिलं आणि हिशोबाच्या सॉफ्टवेअरने पहिलीच पट्टी सेव्ह करायला नकार दिला. दुरुस्तीवाल्याने येऊन ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं, झालं काम. पण सगळ्यांनाच किल्ल्या मिळाल्यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तरी का सुधारावं? पोराच्या पेनड्राइव्हमधला व्हायरस शेठच्या खतावणीपर्यंत बिनबोभाट पोचायचा. माझ्या मते मल्टी-यूजर बदनाम झालं ते इथे, आणि विनाकारण.

२००७ मध्ये व्हिस्टा ही पुढची विंडोज संगणकात काही बदल करताना परवानगी विचारू लागली, लोक वैतागले; २००९ च्या विंडोज ७ ने ते विचारणं कमी केलं. तोवर मोबाइल आले. एका हातात एक फोन, मग यूजर कशाला, असं वाटेल. पण अँड्रॉइड युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर बसलेलं आहे आणि त्यात प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र यूजर क्रमांक मिळतो, म्हणजे एकाची फाइल दुसऱ्याला उघडता येत नाही. दिवाणजींच्या खिशातल्या फोनमध्ये असे कितीतरी यूजर आहेत, त्यांतला एकही माणूस नाही. पेढीवरच्या संगणकात मात्र अजून एकच खातं आहे आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला आहे.